बोट, चक्र आणि चेहरा

तरुणांना एखाद्या उपक्रमाकडे वळविण्याचे काम भाषणापेक्षा चित्र लवकर करते, हे वेगळे सांगावयास नको. मात्र चित्राने दिलेला शब्द उपक्रम पुढे पाळतो काय, हा खरा प्रश्न आहे. आमच्या मते जाहिरातचित्राची पारख याच कसोटीवर व्हावयास हवी.

या प्रकारातील सर्वांत गाजलेले चित्र आल्फ्रेड लीट यांचे. 'लंडन ओपिनियन'च्या मुखपृष्ठावर ते सप्टेंबर १९१४ मध्ये आले. लॉर्ड किचनर यांची रोखलेली नजर आणि थेट आपल्याकडे केलेले बोट. पाहणारा कोठेही उभा असो, ते बोट त्याचाच पाठलाग करते. जेम्स माँटगोमेरी फ्लॅग यांनी १९१७ मध्ये अमेरिकेत हीच रचना 'अंकल सॅम'साठी उचलली. रचना म्हणून ती बिनतोड आहे. परंतु ती तरुणाला पटवीत नाही, लाजविते. आणि लाजेचे बळ अपुरे पडते. ब्रिटनला १९१६ मध्ये सक्तीच्या भरतीचा कायदा करावाच लागला.

याच्या नेमके उलट टोक म्हणजे राष्ट्रीय सेवा योजनेचे बोधचिन्ह. गांधी जन्मशताब्दीच्या वर्षी, २४ सप्टेंबर १९६९ रोजी, ३७ विद्यापीठांतून ही योजना सुरू झाली. कोणार्कच्या सूर्यमंदिराच्या रथचक्रावरून घेतलेल्या या चिन्हात आठ आरे आहेत. ते दिवसाचे चोवीस तास, म्हणजे आपले अष्टौप्रहर, सुचवितात. लाल रंग तरुणाईच्या चैतन्याचा, गडद निळा विश्वाचा. येथे ना बोट, ना चेहरा. 'मी' बाजूला ठेवावयास सांगणाऱ्या योजनेच्या चिन्हात कोणाचेही मुख नसावे, हे औचित्य आम्हांस मोठे वाटते. उणीव एकच: हे चिन्ह समजावून सांगावे लागते. प्रत्यक्ष भित्तिपत्रकावर मात्र ते बहुधा कोपऱ्यात आक्रसते आणि मधली जागा प्रमुख पाहुण्यांची छायाचित्रे व्यापतात. सेवेचे निमंत्रण मग सत्काराचे निमंत्रण वाटू लागते.

हबीबगंज परिसरात ही स्पर्धा उघड्या डोळ्यांनी पाहता येते. स्थानकाचे नाव २०२१ मध्ये राणी कमलापती झाले. वस्ती हबीबगंजच राहिली. लगतच्या महाराणा प्रताप नगरात शिकवणी वर्गांचे फलक दाटले आहेत: हसरा चेहरा, त्याखाली ठळक क्रमांक. 'उद्या येथे तू असशील' एवढेच ते सांगतात, आणि ते क्षणात कळते. त्यापुढे अष्टौप्रहरांचे चक्र मुके ठरते.

राजधानी १९५६ मध्ये नागपूरहून भोपाळला आली. तिच्यामागोमाग आलेल्या मराठी कुटुंबांची तिसरी पिढी आज येथे वाढते आहे. घरात मराठी बोलणाऱ्या, परंतु अडखळत वाचणाऱ्या या मुलांसाठी मंडळाचे भित्तिपत्रक हेच पहिले दार असते. त्यावर आपण काय रंगवितो? पदाधिकाऱ्यांची नावे, दीपप्रज्वलनाची वेळ, एखादी समई. तरुणाला तेथे आपली जागा दिसत नाही.

आम्ही चेहऱ्याच्या विरोधात नाही. मात्र तो विजेत्याचा नसावा, काम करणाऱ्याचा असावा: विंगेत पडदा ओढणारी मुलगी, पुस्तकांना वेष्टने घालणारा मुलगा. असे चित्र लाजवीत नाही आणि भुलवीतही नाही. जे दाखविले तेच काम आत गेल्यावर हाती पडते. ते पडले नाही, तर कोणतीही रंगसंगती त्या तरुणाला दुसऱ्यांदा आणू शकणार नाही.