दर्शक आणि वस्तुस्थिती

संगणकाच्या सुरक्षाव्यवस्थेचा विचार करताना यंत्राची स्थिती आणि पडद्यावरील तिचे चित्र यांत भेद करणे अवश्य आहे. मार्च २०२३ मध्ये विंडोज ११ च्या सुरक्षा-फलकावर हा भेद ठळकपणे उघड झाला. प्रवेशाची ओळखसामग्री सांभाळणाऱ्या ‘लोकल सिक्युरिटी ऑथॉरिटी’चे संरक्षण चालू असूनही फलक ते बंद असल्याचे सांगे. संगणक पुन्हा सुरू केला तरी सूचना हटत नसे. तिच्याकडे दुर्लक्ष करावे, असा सल्ला खुद्द मायक्रोसॉफ्टला द्यावा लागला. खरी स्थिती कळे ती घटना-नोंदवहीवरून. एप्रिलमधील दुरुस्तीने तो पर्यायच फलकावरून नाहीसा केला; पुढे ती दुरुस्तीही मागे घेण्यात आली.

संरक्षण अबाधित होते, म्हणून हा दोष केवळ दर्शनी ठरत नाही. दर्शक आणि नळी यांचा मेळ बिघडल्यास गोळा नळीच्या रोखाने जातो, हे देवळाली कॅम्पच्या तोफखाना शाळेत निराळे सांगावे लागत नसेल. परंतु नेम धरणारा विसंबतो तो दर्शकावरच. खोटा इशारा डावलण्याची सवय जडली, की खराही वाया जातो. सबब फलकाने नोंदलेली निवड आणि प्रत्यक्ष चालू स्थिती पृथक् दाखवावी. स्थिती अज्ञात असल्यास तसे स्पष्ट म्हणावे. फलकाची सत्यता हा सुरक्षेचाच एक भाग होय.