हातवाऱ्यांचे गेम : निन्टेन्डो, सोनी आणि मायक्रोसॉफ्ट

हालचाल ओळखणारे कंट्रोलर व्हिडिओ गेमच्या दुनियेत २००६च्या आधीही होते. बहुतेक चालत मात्र नव्हते. १९८९ साली अमेरिकेत मॅटेल कंपनीने निन्टेन्डोच्या कन्सोलसाठी ‘पॉवर ग्लव्ह’ आणला. हा हातमोजा ध्वनिलहरींच्या मदतीने हाताची जागा ओळखत असे, निदान जाहिरातीत तरी. खास त्याच्यासाठी म्हणून आलेले गेम अवघे दोन. १९९३ साली सेगाने जमिनीवर मांडायची अष्टकोनी चौकट विकून पाहिली. तिच्यातून वर जाणारे अवरक्त किरण हातापायांनी अडवले की बटण दाबल्याची नोंद होई. तीही फसली. पहिले खरे यश २००३ साली सोनीच्या ‘आयटॉय’ कॅमेऱ्याला मिळाले. प्लेस्टेशन २ला जोडलेल्या या कॅमेऱ्यामुळे खेळणारा स्वतःच पडद्यावर दिसे आणि हात फिरवून खिडक्या पुसत असे. हात कॅमेऱ्यापासून किती लांब आहे हे त्या यंत्राला कळत नव्हते. अमुक ठिकाणी काहीतरी हलले, एवढेच कळायचे. पण तेवढ्यावर भागेल असेच खेळ त्यात बेतलेले होते. या माध्यमात पुढे जे जे जमले ते याच शहाणपणावर जमले, आणि जे फसले ते बहुतेक याचा विसर पडल्यामुळे.

निन्टेन्डोची त्या वेळची अवस्था बिकट होती. प्लेस्टेशन २ दहा कोटींचा टप्पा ओलांडत असताना तिच्या गेमक्यूब कन्सोलची विक्री अखेरपर्यंत दोन कोटी सतरा लाखांच्या आसपासच राहिली. ताकदवान यंत्रांच्या शर्यतीत उतरण्याऐवजी कंपनीने गुन्पेई योकोई या आपल्या जुन्या अभियंत्याचे सूत्र धरले : जुने झालेले, स्वस्त पडणारे तंत्र घ्यायचे आणि त्याचा वेगळाच उपयोग शोधायचा. सप्टेंबर २००५मध्ये तोक्यो गेम शोमध्ये अध्यक्ष सातोरू इवाता यांनी टीव्हीच्या रिमोटसारखा दिसणारा कंट्रोलर दाखवला. त्यात बसवलेला त्वरणमापक, म्हणजे वेगातला बदल मोजणारी चिप, मोटारींच्या एअरबॅगमध्ये केव्हाच रुळलेल्या जातीची होती. रिमोटच्या टोकाला अवरक्त कॅमेरा होता. टीव्हीवर ठेवायच्या ‘सेन्सर बार’मध्ये मात्र सेन्सर नव्हताच, दोन टोकांना अवरक्त दिवे होते आणि त्यांच्याकडे बघून रिमोट आपली दिशा ठरवत असे. बारच्या जागी दोन मेणबत्त्या लावल्या तरी काम भागते, हे लोकांनी लवकरच शोधून काढले. नोव्हेंबर २००६मध्ये या रिमोटचा ‘वी’ कन्सोल अमेरिकेत २४९ डॉलरला विक्रीला आला. त्याच आठवड्यात आलेला प्लेस्टेशन ३ स्वस्तातला घेतला तरी ४९९ डॉलरला पडत होता.

‘वी’चे यश सहसा यंत्राच्या खात्यावर मांडले जाते. ते खरे तर ‘वी स्पोर्ट्स’ या सोबत मिळणाऱ्या गेमचे होते. त्यातल्या टेनिसमध्ये खेळाडू चेंडूकडे आपोआप धावतो. माणसाने फक्त वेळेवर हात फिरवायचा. बोलिंगमध्ये बटण दाबून धरायचे, हात मागे न्यायचा, पुढे आणताना बटण सोडायचे. मनगट जरा वळले तर चेंडूही वळतो. सोफ्यावर बसून नुसत्या मनगटानेही हे साधते, पण लोक उभे राहून, पाऊल पुढे टाकून खेळत. गेमने थोडेच मागितले आणि खेळणाऱ्यांनी आपण होऊन जास्त दिले. एरवी गेमच्या वाटेला न जाणारी माणसे खेळू लागली; अमेरिकेतल्या वृद्धाश्रमांत बोलिंगच्या स्पर्धा भरल्या. जोशात रिमोट हातातून सुटून टीव्हीवर आदळू लागले, तेव्हा निन्टेन्डोला मनगटाच्या दोऱ्या बदलून द्याव्या लागल्या. ‘वी’ अखेर दहा कोटी सोळा लाखांवर विकला गेला.

बोलिंगचा चेंडू हातातून सुटतो आणि तिथे हाताचे काम संपते. तलवारीचे तसे नाही. पडद्यावरची तलवार शत्रूच्या ढालीवर अडते, पण खेळणाऱ्याचा हात हवेत पुढे जातच राहतो. हाताला प्रतिकार नाही, वजन नाही, धक्का नाही. रिमोटच्या थरथरीने ती उणीव भरून निघत नाही. या माध्यमाची मूळ अडचण हीच, आणि ती सेन्सर सुधारून सुटणारी नव्हती. ‘झेल्डा : ट्वायलाइट प्रिन्सेस’ने तिला बगल दिली : रिमोट कसाही हलवला तरी ठरलेला वार होतो. म्हणजे जे काम बटण एका क्षणात करी, तेच दंड दुखवून करायचे. ‘वी’च्या पुढच्या वर्षांत अशा झटकाझटकीच्या गेमची बाजारात रीघ लागली. त्यातले बहुतेक आज कोणाच्या आठवणीतही नाहीत.

सोनीचे पहिले उत्तर घाईचे होते. मे २००६मध्ये दाखवलेल्या ‘सिक्सअ‍ॅक्सिस’ कंट्रोलरमध्ये हालचाल ओळखण्याची सोय आली आणि थरथर गेली. दोन्ही एकत्र नांदत नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते. थरथरीच्या पेटंटवरून इमर्शन कंपनीशी तिचा खटला चालू होता, हेही सर्वांना ठाऊक होते. २००७मध्ये खटला मिटला आणि पाठोपाठ ‘ड्युअलशॉक ३’मध्ये दोन्ही गोष्टी गुण्यागोविंदाने नांदू लागल्या. त्याच वर्षीच्या ‘लेअर’ या गेममध्ये कंट्रोलर कलता करून ड्रॅगन उडवावा लागे. त्यावर इतकी टीका झाली की नंतर साध्या स्टिकचा पर्याय द्यावा लागला.

निन्टेन्डोने २००९मध्ये रिमोटला जायरोस्कोपची, म्हणजे वळणे मोजणाऱ्या चिपची, जोड दिली आणि २०११च्या ‘झेल्डा : स्कायवर्ड स्वॉर्ड’मध्ये तलवार खरोखर मनगटाच्या कोनाबरहुकूम फिरू लागली. शत्रू ज्या बाजूने अडवतो त्याच्या विरुद्ध बाजूने वार करायचा, अशी त्यातली लढाईची मांडणी. प्रतिकाराची उणीव तिने कोड्यात बदलली : जोरापेक्षा दिशा महत्त्वाची. तलवारीवरचा हा सर्वांत विचारपूर्वक प्रयोग. तो आला मात्र ‘वी’ची सद्दी संपता संपता.

जून २००९मध्ये लॉस एंजेलिसच्या ई३ प्रदर्शनात मायक्रोसॉफ्ट आणि सोनी यांनी एका दिवसाच्या अंतराने आपापली उत्तरे मांडली. सोनीच्या ‘मूव्ह’च्या टोकाला रंगीत प्रकाशाचा गोळा होता. कॅमेऱ्याला तो जितका मोठा दिसे तितका हात जवळ, हा साधा हिशेब. अचूकतेत त्याने ‘वी’ला मागे टाकले. मुंबईच्या ट्राइन गेम्सने त्याचीच बॅट करून ‘मूव्ह स्ट्रीट क्रिकेट’ बनवला. पण ‘मूव्ह’पाशी स्वतःचा असा ‘वी स्पोर्ट्स’ कधी आला नाही.

मायक्रोसॉफ्टने कंट्रोलरच काढून टाकला. नोव्हेंबर २०१०मध्ये आलेला ‘किनेक्ट’ खोलीभर अवरक्त ठिपक्यांची नक्षी टाकी आणि ती कुठे कशी विस्कटते यावरून अंतर काढी. हे तंत्र इस्रायलच्या प्राइमसेन्स कंपनीचे. अंतरांच्या त्या चित्रातून शरीराचे वीस सांधे ओळखणारी प्रणाली मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी तयार केली. साठ दिवसांत ऐंशी लाख किनेक्ट विकले गेले. यंत्र म्हणून ते अद्भुतच होते. संशोधकांनी ते लगेच यंत्रमानवांवर बसवले. गेमसाठी मात्र ते अवघड जागेचे दुखणे ठरले. एकट्याने खेळायलाही सहा फूट मोकळी जागा लागे. हालचाल आणि पडदा यांच्यात जाणवण्याइतका उशीर होई. बटणच नसल्याने ‘निवड केली’ हे सांगायला हात चित्रावर धरून वर्तुळ भरेपर्यंत ताटकळत राहावे लागे. प्रतिकाराची उणीव इथे पराकोटीला गेली, कारण हातात काहीच नव्हते. २०१२च्या ‘स्टील बटालियन’मध्ये रणगाड्याच्या कळा हवेत ओढाव्या लागत, अनेकदा भलतीच कळ ओढली जाई. टिकला तो नाच. हार्मोनिक्सच्या ‘डान्स सेंट्रल’ला किनेक्ट मनापासून मानवला, कारण नाचताना हात कशावर आदळत नाही आणि पुढची स्टेप आधीच दाखवल्याने उशीरही बोचत नाही.

२०१३मध्ये मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स वन कन्सोलबरोबर किनेक्ट सक्तीचा झाला आणि किंमत ४९९ डॉलरवर गेली. प्लेस्टेशन ४ होता ३९९ला. अमेरिकी सरकारच्या पाळतीची स्नोडेनने फोडलेली बातमी ताजी असताना दिवाणखान्यातला कायम जागा कॅमेरा लोकांना रुचला नाही. वर्षभरात तो वेगळा काढला गेला, २०१७मध्ये उत्पादनच थांबले. प्राइमसेन्स २०१३मध्येच अ‍ॅपलने विकत घेतली होती. चेहऱ्यावर ठिपके टाकून आयफोन उघडण्याचे तंत्र त्याच जातीचे.

आज हातवारे गेममध्ये आहेत, पण मिरवत नाहीत. ‘स्प्लॅटून’मध्ये (२०१५) स्टिकने ढोबळ आणि मनगटाने बारीक नेम धरला जातो. ‘रिंग फिट अ‍ॅडव्हेंचर’ने (२०१९) खेळणाऱ्याच्या हातात दाबली की उलट जोर देणारी कडी दिली; प्रतिकार इथे खऱ्या वस्तूतून आला. ‘मूव्ह’ला दुसरा जन्म मिळाला तो २०१६च्या प्लेस्टेशन व्हीआर हेडसेटमध्ये. तिथल्या ‘बीट सेबर’ने प्रतिकाराचा प्रश्नच मिटवला : त्यातली तलवार प्रकाशाची, ठोकळ्यांतून आरपार जाणारी, तेव्हा हात हवेत पुढे गेला तर त्यात खटकण्यासारखे काही नाही. सोनी आणि निन्टेन्डो यांच्या कंट्रोलरमध्ये जायरोस्कोप आता गृहीत धरलेला असतो. एक्सबॉक्सच्या प्रमाण कंट्रोलरमध्ये तो अजून नाही, आणि म्हणून तिन्ही कन्सोलवर निघणाऱ्या गेममध्ये मनगटाने नेम धरण्याची सोय सापडलीच तर सेटिंगच्या यादीत कुठेतरी तळाशी सापडते.