सूचीत गाव कुठे आहे? पक्ष्यांच्या जुन्या जर्नलकडे इतिहासाच्या बाजूने पाहताना

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ सालची. आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन ही दोन आपली नावं. संस्थेचं जर्नल १८८६ पासून निघतं आहे. जुने खंड आता स्कॅन होऊन बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीवर घरबसल्या, मोफत वाचता येतात. अंक मिळण्याचा प्रश्न बराचसा सुटला. अंकातलं हवं ते मिळण्याचा प्रश्न मात्र तसाच आहे, आणि तो सूचीशी जोडलेला आहे.

या जर्नलच्या जुन्या खंडांना सहसा दोन दारं असतात. सुरुवातीला लेखक आणि लेखांची यादी, शेवटी जातींची सूची, शास्त्रीय नावांच्या अकारविल्हे क्रमाने. ही जातिसूची कष्टाने केलेली आहे, आणि पक्षितज्ज्ञाला हवं ते ती देते. पण तिसरं दार नाही, ठिकाणांचं. चौथंही नाही, माणसांचं. आपण ज्या दारांनी आत जाणार, नेमकी तीच भिंतीत बुजलेली.

आपल्या हैदराबादचंच उदाहरण घ्या. सालिम अलींनी १९३१-३२ मध्ये निजामाच्या राज्यात फिरून पक्ष्यांची पाहणी केली. ती १९३३-३४ मध्ये या जर्नलमध्ये हप्त्याहप्त्याने छापून आली, ह्यू व्हिसलर यांच्या टिपांसह. मांडणी अशी की प्रत्येक जातीखाली गोळा केलेले नमुने, आणि नमुन्यापुढे ठिकाण, तारीख, उंची. पक्षितज्ज्ञ तिथे जात वाचतो. मी तोच मजकूर आडवा वाचतो: कुठल्या महिन्यात कुठल्या गावी तळ होता, तिथे तेव्हा जंगल किती होतं, तळ्यात पाणी होतं का. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे तेव्हा याच राज्यात होते. तिथल्या कुणी विचारलं, "साहेब, आमच्या तालुक्याबद्दल काही आहे का त्यात?" तर सूचीकडे बोट दाखवता येत नाही. सगळे हप्ते ओळीने वाचा, एवढंच सांगता येतं. इंदूर-ग्वाल्हेरच्या मंडळींना 'मध्य भारताचे पक्षी' (१९३९-४०) आणि बडोद्याच्या मंडळींना 'गुजरातचे पक्षी' (१९५४-५५) वाचताना हीच अडचण येणार. ते लेखही याच जर्नलमधले.

मी तीस वर्षं कारखान्यात काढली. तिथे ड्रॉइंगची नोंदवही असते. नुसत्या पार्ट नंबरने लावलेली नोंदवही कोठीवाल्याला पुरते. पण मशीन बंद पडल्यावर फिटर येतो तो मशीनचं नाव घेऊन. त्याला त्या वहीचा काही उपयोग नसतो. ड्रॉइंग कपाटात असूनही हरवलेलंच असतं. सूची कुणासाठी केली, हा प्रश्न म्हणून महत्त्वाचा. जातिसूची करणाऱ्याने पक्षी महत्त्वाचा ठरवला आणि गाव, माणूस, बोलीतलं नाव गौण ठरवलं. त्या काळी ते स्वाभाविक होतं. आपण तेच पुढे चालवायचं का, हे आपल्याला ठरवायचं आहे.

माणूस गळला की काय होतं ते जर्डनच्या धाविकाच्या बाबतीत दिसतं. १९०० नंतर हा पक्षी कुणाला दिसला नव्हता. जानेवारी १९८६ मध्ये तो कडप्पा जिल्ह्यात पुन्हा सापडला. निजामाने १८०० साली कंपनीला तोडून दिलेल्या मुलखातला हा जिल्हा. शोध भरत भूषण यांच्या नावावर आहे आणि तो रास्तच आहे. पण प्रत्यक्ष पक्षी पकडून दिला ऐतण्णा या स्थानिक शिकाऱ्याने. तेलुगूत त्या पक्ष्याला 'कलिवी कोडी' म्हणतात. कलिवी म्हणजे करवंदाचं झुडूप, कोडी म्हणजे कोंबडी. पक्षी कुठे राहतो ते नावातच आहे! जातिसूचीत ऐतण्णाला जागा नाही आणि कलिवी कोडीलाही नाही. ती रचनाच तशी आहे. पुढच्या अभ्यासकाला माहिती कुणाकडून आली हे शोधायचं झालं, तर धागा तिथेच तुटतो.

ठिकाणाकडे दुर्लक्ष झालं तर नुकसान आणखी मोठं. रानपिंगळ्याचे १८८० च्या दशकातले खरे नमुने खानदेशातले, जेम्स डेव्हिडसन यांनी गोळा केलेले. नंतर रिचर्ड माइनर्टझागन यांनी १९१४ सालचा, तापीकाठच्या मांडवीचा म्हणून एक नमुना पुढे केला. तो डेव्हिडसनचाच चोरलेला नमुना पुन्हा भरून केलेला होता, हे पामेला रासमुसेन यांच्या तपासात उघड झालं. बनावट बाजूला सारून जुन्या खऱ्या ठिकाणांकडे गेल्यावर नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ पिंगळा दिसला. शेवटच्या खऱ्या नमुन्यानंतर ११३ वर्षांनी. ठिकाण, तारीख, गोळा करणारा आणि नमुना आज कुठे आहे, या चार गोष्टी शेजारी शेजारी मांडल्या की खोटं टोचायला लागतं. चांगल्या सूचीचं हे काम आहे.

कुणी म्हणेल, आता शब्द टाइप केला की सापडतो, सूची कशाला? शोधयंत्राला आपल्याला ठाऊक असलेलाच शब्द देता येतो. अंबेजोगाई टाइप केलं तर निजामाच्या काळातलं मोमिनाबाद येत नाही. वडोदरा टाइप केलं तर बडोदा येत नाही. शिवाय इंग्रजांनी एकाच गावाची तीन-तीन स्पेलिंगं केली, आणि स्कॅन वाचणारं यंत्र त्यात आपली भर घालतं. पक्ष्यांची शास्त्रीय नावंही बदलतात; रानपिंगळ्याला कधी एका प्रजातीत टाकलं, कधी दुसऱ्या. ही सगळी नावं एकाच वस्तूची आहेत, हे सांगायला माणूस लागतो.

आपल्याच शहरात आशीष पित्ती यांनी दक्षिण आशियाई पक्षिशास्त्राची संदर्भसूची उभी केली. २०१० चं 'बर्ड्स इन बुक्स' ग्रंथांची. ते काम नसतं तर आमच्यासारख्यांना कुठला लेख वाचायचा हेच कळलं नसतं. पण संदर्भसूची लेखाच्या दारापर्यंत नेते. आतल्या प्रत्येक खोलीची यादी हे वेगळं काम, आणि ते पक्षितज्ज्ञांनीच करावं अशी अपेक्षा ठेवणं बरोबर नाही. गरज आपली आहे.

म्हणून मंडळापुढे प्रस्ताव. हैदराबाद पाहणीचे हप्ते वाटून घ्यावेत. प्रत्येकाने पाच रकाने भरावेत: छापलेलं ठिकाण, आजचं गाव आणि तालुका, तारीख, उल्लेखलेली माणसं व बोलीनावं, खंड-पृष्ठ. छापलेलं स्पेलिंग जसंच्या तसं ठेवावं, दुरुस्ती दुसऱ्या रकान्यात. गाव ओळखू आलं नाही तर रकाना कोरा सोडावा. अंदाज भरू नये. हे जमलं तर पुढे बर्डवॉचर्स सोसायटी ऑफ आंध्र प्रदेशच्या 'मयूरा'चे अंक घेता येतील. ही संस्था १९८० ची, इथलीच. तेलुगू वाचणारे सभासद लागतील. त्यांनी आत्ताच नावं द्यावीत.