पाखर, अंधारी आणि ढापणें: अश्वमुखाच्छादनांची चिकित्सा

घोड्याच्या तोंडावर व डोळ्यांवर घालावयाच्या साहित्याविषयीं संग्राहकांत जी एक समजूत रूढ आहे, तिची परीक्षा करणें एवढाच या टिपणाचा हेतु आहे. समजूत अशी कीं, घोड्याच्या मुखावरील कोणतेंही जुनें आच्छादन म्हणजे युद्धांतील पाखर होय; आणि तें महाराष्ट्रांतील एखाद्या जुन्या घरीं सांपडलें, तर मराठ्यांच्या घोडदळाचा अवशेष मानण्यास प्रत्यवाय नाहीं. यांपैकीं पहिलें विधान शब्दार्थाच्या दृष्टीनें सैल आहे आणि दुसरें पुराव्याच्या दृष्टीनें.

प्रथम शब्दाचा विचार करूं. संस्कृत कोशकार घोड्याच्या चिलखतास प्रक्षर किंवा प्रखर म्हणतात. प्राकृतांत पक्खर व मराठींत पाखर हीं त्याचींच रूपें होत. हा शब्द सबंध अंगावरील आच्छादनाचा वाचक आहे, केवळ मुखावरील तुकड्याचा नव्हे. 'पाखर घालणें' या वाक्प्रचारांतही वरून पसरून झांकण्याचाच भाव आहे. मुखावरील तुकड्यास स्वतंत्र नांव हवें असेल, तर तें आइन-इ-अकबरींत मिळतें. शाही शस्त्रागाराची यादी देतांना अबुल फझलानें घोड्याचें चिलखत तें कजेम, त्याखालील गादी ती अर्तक-इ-कजेम, मस्तकावरील तो कश्का आणि मानेवरील ती गर्दनी, अशीं नांवें निरनिराळीं नोंदलीं आहेत. ज्यांनीं त्या वस्तू हाताळल्या, त्यांनीं त्यांचा घोटाळा केला नाहीं. तो आपण करीत आहों.

अंधारी व ढापणें यांचा पाखरेशीं तर कांहींच संबंध नाहीं. अंधारी डोळे पूर्णपणें झांकते. बुजणारें जनावर शांत करण्यास ती उपयोगी पडते. ढापणें समोरची दृष्टि मोकळी ठेवून बाजूची व मागची तेवढी तोडतात. घोड्याचे डोळे मस्तकाच्या दोन अंगांस असल्यामुळें त्यास सुमारें 350 अंशांचा परिसर दिसतो. ठीक पाठीमागचा व कपाळासमोरचा थोडा भाग तेवढा दिसत नाहीं. टांग्यास जुंपलेला घोडा मागचीं फिरतीं चाकें व हलणारा चाबूक पाहून बिथरूं नये, म्हणून हीं चामड्याचीं ढापणें. याशिवाय माशा वारण्यासाठीं कपाळावरून सोडलेली दोऱ्यांची झालर हा आणखी एक प्रकार. माशी म्हणजे केवळ उपद्रव नव्हे. घोड्यांस मारक असा जो सर्रा रोग, त्याचे जंतु ग्रिफिथ इव्हान्स यांनीं 1880 सालीं डेरा इस्माइलखान येथें शोधून काढले, आणि रक्त पिणाऱ्या माशा तो फैलावतात हें पुढें सिद्ध झालें. तात्पर्य, शस्त्र, दृष्टि व माशी अशीं या आच्छादनांचीं तीन प्रयोजनें आहेत, आणि वस्तु हातीं येतांच पहिला प्रश्न प्रयोजनाचाच विचारला पाहिजे.

शस्त्रापासून रक्षण करणारें दिसतें तें सर्वच युद्धांतलें असतें, असेंही नाहीं. ग्रीक लेखक झेनोफोन यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अश्वारोहणावरील आपल्या ग्रंथांत घोड्याच्या कपाळास, छातीस व मांड्यांस चिलखत घालावें असें सुचविलें. तें खरोखर लढाईसाठीं. उलट, एरियन यानें इ. स. 136 च्या सुमारास रोमन स्वारांच्या कवायती खेळांचें वर्णन केलें आहे, त्यांतही घोड्यांच्या कपाळपट्ट्या आहेत. जर्मनींत स्ट्राउबिंग येथें 1950 सालीं सांपडलेल्या निधींत घोड्यांचीं कांशाचीं मुखत्राणें असून त्यांच्या डोळ्यांवर जाळीदार वाट्या आहेत. तीं अशाच खेळांचीं व मिरवणुकींचीं समजलीं जातात. एकच आकार रणांगणावर व क्रीडांगणावर दोन्हीकडे आढळतो. म्हणून आकारावरून उपयोग ठरविणें धोक्याचें आहे. हळदीघाटच्या लढाईंतील (1576) चेतकाच्या कृत्रिम सोंडेची कथा सर्वतोमुखीं आहे. पण कथा प्रसिद्ध असल्यानें एखाद्या विशिष्ट वस्तूचा काळ सिद्ध होत नाहीं.

आतां मराठ्यांच्या घोडदळाविषयीं. आइनेची यादी अकबराच्या शस्त्रागाराची साक्ष देते, शिवाजी महाराजांच्या पागेची नव्हे. पागेविषयीं 1697 सालची सभासदाची बखर अधिक जवळची. तींत पंचवीस बारगिरांमागें हवालदार, पखालजी व नालबंद यांची योजना सांगितली आहे. पाणी व नाल यांची काळजी वाहणाऱ्या त्या व्यवस्थेंत घोड्याच्या चिलखताचा कारागीर नाहीं. यावरून मराठ्यांकडे असें एकही चिलखत नव्हतें, असें मात्र म्हणतां येणार नाहीं. मौन हा अभावाचा निर्णायक पुरावा नव्हे: ऋग्वेदाच्या सहाव्या मंडलांतील 75 वें सूक्त कवच, धनुष्य, भाता, घोडे, रथ, चाबूक या सर्वांचें स्तवन करतें आणि अश्वाच्या मुखत्राणाविषयीं कांहीं बोलत नाहीं, तेवढ्यानें तें नव्हतेंच असें कोण म्हणेल? परंतु चपळाई हेंच ज्या दळाचें बळ, त्याच्या माथीं जड लोखंड मारण्यापूर्वीं अस्तिपक्षानेंच पुरावा दिला पाहिजे.

कोलाड-रोह्याच्या परिसरास हा विवेक विशेष लागू आहे. कुंडलिकेच्या खोऱ्याजवळचें चौल हें बंदर घोड्यांच्या आयातीसाठीं फार पूर्वींपासून प्रसिद्ध होतें. अफानासी निकितिन हा रशियन व्यापारी पंधराव्या शतकांत होर्मुझहून घोडा घेऊन चौलासच उतरला व तेथून जुन्नरास गेला. पुढें बेदरच्या सुलतानाच्या मिरवणुकीचें वर्णन करतांना त्यानें हत्तींच्या अंगावर पोलादी चिलखत व कोतल घोड्यांवर सोन्याचा साज सांगितला आहे. बहामनी, निजामशाही, शिद्दी, आंग्रे अशा अनेक सत्तांचे घोडे या वाटांनीं गेले. अवचितगड, सुरगड, तळें, घोसाळें यांच्या पायथ्याशीं एखादा पत्रा निघाला, तर तो यांपैकीं कोणाचाही असूं शकेल. लग्नांतील नवरदेवाच्या घोड्याचाही असेल.

याहून गंभीर गोष्ट जतनाची आहे. कोंकणच्या पावसांत चामडें बुरशीनें जातें, कापडास कसर लागते. लोखंड गंजतें, तरी उरतें. संग्रहांत धातूचे तुकडे अधिक दिसतात म्हणून पूर्वीं तेच अधिक वापरले जात, हें अनुमान म्हणूनच फोल होय. फाटकें ढापण वा सुकलेली अंधारी माळ्यावरून काढून उकिरड्यावर टाकली जाते, आणि घोड्याच्या नित्य जीवनाची खरी साक्ष तिच्याबरोबर नष्ट होते.

तेव्हां संग्राहकांनीं असा तुकडा हातीं आल्यास आंतल्या अंगास अस्तर किंवा अस्तराचीं भोंकें आहेत काय, नेत्ररंध्रें घोड्याच्या डोळ्यांशीं खरोखर जुळतात काय, पट्ट्यांच्या घर्षणाच्या खुणा आहेत काय, हें पाहावें. गंज व मळ घासून काढूं नये, कारण त्यांतच खुणा असतात. ज्या घरांतून वस्तु आली, तें गांव, तें घर व त्या घरचा धंदा यांची नोंद त्याच दिवशीं करावी. या नोंदीवांचून 'मराठाकालीन मुखत्राण' ही चिठ्ठी लावणें म्हणजे सनद न पाहतां वतन कबूल करण्यासारखें आहे.