पेगॅसस : प्रतिभेचे वाहन की मर्यादेची कथा?

ग्रीक पुराणकथांतील पेगॅसस हा पंखधारी घोडा आपल्या अध्यापनात बहुधा एकाच वाक्यात आटोपला जातो : तो कविप्रतिभेचे प्रतीक होय. हे विधान निराधार नाही; मात्र मूळ संहितांशी ताडून पाहिले असता ते उत्तरकालीन व अपुरे ठरते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

हेसिअडच्या ‘थिऑगनी’नुसार मेड्यूसाचा शिरच्छेद झाला तेव्हा पेगॅससचा जन्म झाला. पुढे तो झ्यूसच्या प्रासादात राहून त्याची वीज व मेघगर्जना वाहून नेतो. याच काव्याच्या प्रारंभी म्यूझ या काव्यदेवतांच्या वर्णनात हेलिकॉन पर्वतावरील हिप्पोक्रीनी झऱ्याचा उल्लेख येतो. परंतु हेसिअड त्याचा पेगॅससशी संबंध जोडत नाही. घोड्याच्या टापेने हा झरा फुटल्याची कथा इ. स. पू. तिसऱ्या शतकात अराटस सांगतो आणि पुढे ओव्हिड त्या घोड्याला पेगॅसस म्हणून ओळखतो. तेथेही पेगॅसस झऱ्याचा जनक आहे, कवीचे वाहन नव्हे.

त्याचा स्वार आहे तो बेलेरोफॉन. ‘इलियड’च्या सहाव्या सर्गात तो कायमेरा राक्षसिणीचा वध करतो, पण तेथे पेगॅससचे नावही नाही. पिंडरने इ. स. पू. ४६४ मधील ऑलिंपिक विजयाप्रीत्यर्थ रचलेल्या स्तोत्रात मात्र या कथेचे केंद्र पंख नसून लगाम आहे. अथेना स्वप्नात सोन्याचा लगाम देते, तेव्हाच घोडा वश होतो. येथे पिंडर नायकाच्या अखेरीविषयी जाणीवपूर्वक मौन पाळतो. दुसऱ्या एका स्तोत्रात तो सांगतो की, स्वर्गात जाऊ पाहणाऱ्या बेलेरोफॉनला पेगॅससनेच खाली फेकले. विजेत्याच्या गौरवप्रसंगी पतनाची कथा टाळणे, हा कवीने स्वतःच्या वाणीला घातलेला लगामच म्हणावा लागेल.

तात्पर्य, पेगॅससला प्रतिभेचे प्रतीक मानायचेच असेल, तर केवळ उड्डाण स्वीकारून लगाम आणि पतन वगळता येणार नाही. मिथक हे प्रतीककोशातील तयार अर्थ नव्हे. त्याचे अर्थ काळाच्या थरांनी साचत जातात. ते थर विद्यार्थ्यांपुढे उलगडून दाखवणे, हे साहित्याच्या अध्यापकाचे कर्तव्य ठरते.