टॅप ब्लॉक : तुलना कशाशी?

पोटाच्या भिंतीतील स्नायूंच्या दोन थरांमध्ये बधिरतेचे औषध सोडले की तिथून जाणाऱ्या नसांचे संदेश थांबतात. हाच ‘टॅप ब्लॉक’. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आयर्लंडमधील चाचणीत, आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या २४ तासांत ब्लॉक दिलेल्या १६ रुग्णांना सरासरी २२ मिलिग्रॅम मॉर्फिन लागले. न दिलेल्या १६ जणांना ८०. आकडे डोळे दिपवणारे खरे, पण दुसऱ्या गटाला सुई टोचलीच नव्हती, हे आम्हांला खटकते. सुईचाही दिलासा असतोच ना! २००८ च्या सिझेरियनवरील चाचणीत दुसऱ्या गटाला नुसते मिठाचे पाणी टोचले, तरी फायदा टिकला. मात्र पाठीतून भुलीबरोबरच मॉर्फिन दिलेल्या स्त्रियांत ब्लॉकने फारशी भर पडत नाही, असे पुढे दिसले. आतल्या अवयवांचे दुखणे तर तो थांबवतच नाही.