हास्य आणि जुगुप्सा : पीटर सॉल यांची चित्रकला

चित्रकलेच्या विचारात विनोदाला बहुधा दुय्यम स्थान मिळत आले आहे. व्यंगचित्र वृत्तपत्राच्या पानावर शोभावे, संग्रहालयाच्या भिंतीवर नव्हे, ही समजूत विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अमेरिकेतही दृढ होती. तेथील प्रतिष्ठित कलेवर त्या काळी अमूर्त अभिव्यक्तिवादाचे प्रभुत्व होते आणि गांभीर्य हा तिचा जणू स्थायीभावच होता. अशा वातावरणात डोनल्ड डक, सुपरमॅन आणि गुन्हेगारी चित्रकथांतील टोळभैरव यांना तैलरंगात आणणाऱ्या पीटर सॉल यांचे कार्य केवळ थट्टेखोर म्हणून बाजूस सारता येत नाही. हास्य कोणत्या मर्यादेपर्यंत क्रौर्याचा भार पेलू शकते, हा त्या कार्याने उपस्थित केलेला मूलभूत प्रश्न होय.

सॉल यांचा जन्म १९३४ साली सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. तेथील कलाविद्यालयात आरंभीचे शिक्षण घेऊन त्यांनी १९५२ ते १९५६ या काळात सेंट लुइसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात अध्ययन केले. त्यानंतरची आठ वर्षे हॉलंड, पॅरिस व रोम येथे गेली. आपल्या देशाचे विनोदी दर्शन त्यांना घडले ते परदेशात. पॅरिसमधील एका पुस्तकांच्या दुकानात 'मॅड' मासिकाचे अंक त्यांच्या दृष्टीस पडले आणि बालपणी वाचलेल्या चित्रकथांचे संस्कार पुन्हा जागे झाले. चिलीचे चित्रकार रोबेर्तो मात्ता यांच्या ओळखीमुळे चित्रविक्रेते ॲलन फ्रमकिन यांचा आश्रय त्यांना लाभला आणि १९६१ साली शिकागो येथे त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन भरले.

या काळातील 'आइसबॉक्स' या मालिकेत शीतकपाट हे अमेरिकन संसाराचे प्रतीक बनले आहे. कपाटाचे दार उघडे आहे आणि आत खाद्यपदार्थ, अवयव, शस्त्रे व अक्षरे यांची एकच गर्दी उडाली आहे. कुंचल्याचे सैल, मोकळे फटकारे अमूर्त चित्रकारांकडून, विशेषतः विलेम द कूनिंग यांच्याकडून, घेतलेले आहेत. विषय मात्र त्या परंपरेला लाजविणारा आहे. सॉल यांची गणना पुष्कळदा पॉप कलावंतांत केली जाते. परंतु ही गणना तपासून घेणे आवश्यक आहे. रॉय लिक्टेन्स्टाइन यांनी १९६१ पासून चित्रकथेतील एखादी चौकट उचलून तिचे छपाईचे ठिपकेसुद्धा तटस्थपणे मोठे करून दाखविले. सॉल यांनी चित्रकथेची चौकट उचलली नाही, तिची वृत्ती उचलली. त्यांची पात्रे त्यांनी स्वतः रेखाटलेली, घाईत बिघडलेली आणि चिडलेली आहेत. एकाच्या चित्रांत थंडपणा आहे, दुसऱ्याच्या चित्रांत ताप आहे.

१९६४ साली सॉल कॅलिफोर्नियात परतले. व्हिएतनामचे युद्ध तीव्र होत असता त्यांचा कुंचला अधिक नेटका आणि रंग अधिक कर्कश झाला. न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयातील 'सायगॉन' (१९६७) हे सुमारे ८ फूट उंच व १२ फूट रुंद चित्र या पर्वाचे शिखर होय. अमेरिकन सैनिक आणि व्हिएतनामी स्त्रिया यांची शरीरे येथे रबराप्रमाणे ताणली जाऊन एकमेकांत गुंतली आहेत. रंग जाहिरातफलकावरील झगमगत्या रंगांसारखे आहेत. पौर्वात्य लिपीची नक्कल करणाऱ्या अक्षरांत गोरे लोक काय अत्याचार करीत आहेत हे सरळ लिहिले आहे आणि ही त्याची उच्च दर्जाची आवृत्ती असल्याची पुस्तीही जोडली आहे. या पुस्तीतच चित्राचे मर्म आहे. उपरोधाचा रोख केवळ सैनिकांवर नाही. संग्रहालयात येऊन अत्याचाराचेही रसग्रहण करू पाहणाऱ्या अभिरुचीवरही तो आहे.

भरताने हास्याचे स्मितापासून अतिहसितापर्यंत सहा प्रकार सांगितले आणि शेवटचे दोन अधम प्रकृतीच्या पात्रांकडे सोपविले. सॉल यांनी जाणूनबुजून याच शेवटच्या पायरीवर आपले ठाण मांडले. त्यांच्या चित्रांत हास्याची जुगुप्सेशी सांगड आहे. प्रेक्षक प्रथम आकृतीच्या वेडेवाकडेपणाला हसतो आणि मग आपण कशाला हसलो हे ध्यानी येताच ओशाळतो. अभिनवगुप्ताने अनौचित्यात हास्याचे मूळ पाहिले. सॉल यांच्या चित्रांत हे अनौचित्य आकृतीपुरते राहत नाही. हसणे हेच अनुचित ठरते आणि चित्राचा खरा परिणाम तेथे साधतो.

परंतु याच ठिकाणी त्यांच्या कलेची मर्यादाही स्पष्ट होते. रौद्रापासून करुण उत्पन्न होतो, असे भरताचे प्रतिपादन आहे. सॉल यांच्या चित्रांत रौद्र कर्मांना तोटा नाही. करुणाकडे जाणारी वाट मात्र बुजविलेली आहे. 'सायगॉन'मधील स्त्रियांचे चेहरे युद्धकालीन चित्रकथांनी रूढ केलेल्या वांशिक साच्यातूनच काढलेले आहेत. अत्याचारी आणि पीडित या दोघांचेही सारखेच विद्रूपीकरण झाल्यामुळे पीडिताला स्वतःचे असे दुःख उरत नाही. पिकासोच्या 'गेर्निका'शी तुलना केली असता हा भेद उमगतो. तेथे विकृत झालेली आकृती आक्रोश करते. येथे ती केवळ वळवळते. सॉल यांनी १९७३ साली 'गेर्निका'चेच भडक रंगांत विडंबन केले. या निवडीचा अर्थ असाच लावावा लागतो, की उदात्त शोकावर त्यांचा विश्वास नव्हता. शोकचित्राची प्रशंसा करून मोकळे होण्याची सोय त्यांना प्रेक्षकाला द्यावयाची नव्हती. ही भूमिका प्रामाणिक आहे; पण तिची किंमत चित्रातील पीडितांना मोजावी लागली आहे, हे नाकारता येत नाही.

प्रस्थापितांच्या विडंबनात अशी अडचण नाही, आणि म्हणून सॉल यांची प्रतिभा तेथे अधिक मोकळी दिसते. रूपवादी समीक्षेचे अध्वर्यू क्लेमेंट ग्रीनबर्ग यांना १९७१ साली त्यांनी बोबड्या नावाच्या बाईचे रूप दिले. १९७९ साली द कूनिंग यांच्या प्रसिद्ध स्त्रीप्रतिमांची बदके केली. १९९५ साली डेलावेअर नदी ओलांडणाऱ्या वॉशिंग्टनच्या वीरगाथेची त्रेधा उडविली. ज्यांच्याकडून कुंचला घेतला त्यांचीही गय न करणे हा विडंबनकाराचा धर्मच होय. याउलट रेगन, बुश किंवा ट्रम्प यांच्यावरील चित्रांत लक्ष्य इतके उघड आहे, की पुष्कळदा राजकीय व्यंगचित्रापलीकडे काही हाती लागत नाही. प्रेक्षक येथे निर्धास्तपणे हसतो, कारण हास्याचा रोख दुसऱ्यावर आहे.

१९८१ ते २००० या काळात सॉल यांनी ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठात अध्यापन केले. न्यूयॉर्कमधील संग्रहालयात त्यांच्या समग्र कार्याचे पहिले मोठे प्रदर्शन भरले ते २०२० साली, न्यू म्युझियममध्ये. तेव्हा त्यांचे वय पंच्याऐंशी वर्षांचे होते. या विलंबाचे कारण केवळ अभिजनांचा सोवळेपणा नव्हे. त्यांची उत्तम चित्रे प्रेक्षकाला स्वतःविषयी समाधान मानू देत नाहीत, हेही त्याचे एक कारण असले पाहिजे. व्यंगचित्राची रेषा मोठ्या फलकावर आणणारे चित्रकार अनेक झाले. त्या रेषेतील असभ्यपणा न धुता, आणि त्या असभ्यपणाचे सर्व धोके पत्करून, तिला इतिहासचित्राच्या जागी बसविणे हे सॉल यांचे वैशिष्ट्य होय. त्यांच्या यशाचे व अपयशाचे मूळ या एकाच गोष्टीत आहे, म्हणून त्यांपैकी एकाचाच विचार करून त्यांचे मूल्यमापन पुरे होऊ शकत नाही.